थांबण्याची ऐपत

मार्च-एप्रिल उजाडला की महाविद्यालयांच्या आवारात दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी चाललेल्या दिसतात. एका बाजूस निरोपसमारंभ होतात, प्राध्यापकांसमवेत छायाचित्रे काढली जातात, भाषणांतून 'सोनेरी दिवसां'चा उल्लेख होतो आणि तीन वर्षे एका बाकावर बसलेली मुले एकमेकांना न विसरण्याच्या आणाभाका घेतात. दुसऱ्या बाजूस ग्रंथालयाची पुस्तके परत करून 'नो ड्यूज'च्या कागदावर शिक्के घेणे, वसतिगृहाची अनामत रक्कम परत मागणे, अंतर्गत गुणांची चौकशी करणे, मागे राहिलेल्या विषयाचा अर्ज भरणे ही कामे चालू असतात. पहिल्या गोष्टीची दखल वार्षिक अंकात घेतली जाते. दुसरीची कोणीच घेत नाही. वस्तुतः पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे मन समजून घ्यावयाचे असेल, तर त्या शिक्क्यांच्या कागदाकडेच अधिक लक्ष द्यावयास हवे.

या विद्यार्थ्याच्या अस्वस्थतेचे कारण विचारले तर 'परीक्षेची भीती' असे उत्तर देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचलेला विद्यार्थी पाच सत्रपरीक्षांतून पार पडलेला असतो. सहावीची धास्ती त्याला असली, तरी तिचे स्वरूप परिचयाचे असते. अपरिचित असतो तो परीक्षेनंतरचा दिवस. वयाच्या सहाव्या वर्षापासून दर जून महिन्यात पुढच्या इयत्तेत जाऊन बसण्याची त्याला सवय झालेली असते. आयुष्यात प्रथमच असा एक जून समोर येतो, की ज्याला पुढची इयत्ता नाही. कोणत्या खोलीत, कोणत्या बाकावर, कोणत्या तासाला बसावयाचे हे सांगणारे वेळापत्रक आता कोणी लावणार नाही, ही जाणीव एकाच वेळी सुटकेची आणि भीतीची असते. या भीतीला मनाचा दुबळेपणा समजणे हा त्या विद्यार्थ्यावर अन्याय होय. त्याच्या भोवतालच्या अर्थव्यवस्थेचे त्याला झालेले ते बऱ्याच अंशी अचूक आकलन असते.

सवलतींचा शेवट

अर्थशास्त्राच्या परिभाषेत पदवी ही एक गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा पुढे नोकरीच्या वा व्यवसायाच्या रूपाने मिळावयाचा असतो. क्रमिक पुस्तकातील आकृतीत गुंतवणूक जेथे संपते तेथेच परतावा सुरू होतो. प्रत्यक्षात या दोहोंमध्ये एक अंतर असते आणि ते महिन्यांत व रुपयांत मोजावे लागते.

शेवटच्या सत्राची परीक्षा संपताच एस.टी.चा सवलतीचा पास बंद होतो. वसतिगृहाची खोली ठराविक मुदतीत रिकामी करावी लागते. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता जमा झाला, की ते खातेही मिटते. ग्रंथालयाचे कार्ड परत जाते आणि त्याबरोबर पंख्याखाली बसून दिवसभर वाचण्याची हक्काची जागा जाते. खानावळीतील विद्यार्थ्यांचा दर लागू राहात नाही. ज्या पदवीसाठी हे सारे मिळत होते, ती मात्र हाती पडावयास वेळ असतो. प्रथम निकाल, मग गुणपत्रिका, मग तात्पुरते प्रमाणपत्र, मग पदवीदान समारंभ असा तो क्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ सालच्या विनियमांनुसार विद्यार्थी पदवीस पात्र ठरणे अपेक्षित असते त्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी दिली गेली पाहिजे. म्हणजे नियमाचे पालन काटेकोरपणे झाले, तरीही अर्धे वर्ष निघून जाऊ शकते. पदवीमुळे येणारे उत्पन्न लांबणीवर आणि पदवीमुळे जाणाऱ्या सवलती तत्काळ, असा हा व्यवहार आहे.

सवलतींबरोबर आणखी एक गोष्ट जाते. तिची किंमत रुपयांत करता येत नाही. 'काय करतोस?' या प्रश्नाला पंधरा वर्षे 'शिकतो' हे एक निर्दोष उत्तर उपलब्ध होते. निकालाच्या दिवशी ते उत्तर काढून घेतले जाते. आदल्या दिवशी जो विद्यार्थी होता, तो दुसऱ्या दिवशी समाजाच्या आणि सरकारी पाहणीच्या भाषेत 'सुशिक्षित बेकार' होतो. मधल्या अवस्थेसाठी आपल्या भाषेत एकही आदराचा शब्द नाही. एम.ए.ला वा एम.कॉम.ला नाव घालणे, बी.एड.चा विचार चालला आहे असे सांगणे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे असे म्हणणे, यांपैकी पुष्कळ निर्णयांच्या मुळाशी विषयाची ओढ नसते. विद्यार्थी हे बिरूद आणखी दोन वर्षे टिकविण्याची धडपड असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चौथ्या वर्षाची सोय केली आहे. तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याचा मार्ग त्यात खुला आहे. हे चौथे वर्ष शिक्षणाचे ठरते की एका वर्षाच्या अधिकृत प्रतीक्षेचे, हे महाविद्यालये त्यात काय शिकवितात यावर अवलंबून राहील.

पेरणी आणि प्रवेश

शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याच्या बाबतीत तर पंचांगही प्रतिकूल असते. मार्चअखेर पीककर्जाच्या परतफेडीची घाई असते. एप्रिलमध्ये परीक्षा होते. मे महिन्यात लग्नसराई असते आणि मांडवात भेटणारा प्रत्येक पाहुणा 'मग पुढं काय?' एवढा एकच प्रश्न घेऊन आलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो, कित्येकदा आस्थाच असते. परंतु दहाव्या वेळी तो प्रश्न ऐकताना मुलगा जेवणाची पंगत चुकवू लागतो. मग मृग लागतो. बियाणे, खते आणि पेरणीची मजुरी यांसाठी घरात पैसा हवा असतो. त्याच सुमारास पदव्युत्तर प्रवेशाची फी भरावयाची असते, किंवा पुण्यात 'कॉट बेसिस'वर जागा घेण्यासाठी अनामत द्यावयाची असते. एकाच घरातील एकाच तिजोरीवर जमिनीचा आणि मुलाचा असे दोन हक्क एकदम सांगितले जातात.

'तू काळजी करू नकोस, बघू काहीतरी,' असे वडील म्हणतात. त्या वाक्यातील 'बघू' या शब्दाचा अर्थ मुलाला नीट कळतो. एखादी म्हैस विकणे, सोसायटीचे कर्ज, मामांकडून हातउसने पैसे, धाकट्या बहिणीच्या प्रवेशाबाबत 'यंदा जवळच्याच कॉलेजात' असा निर्णय, हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते. घराण्यातील पहिला पदवीधर होत असल्याचा त्याचा अभिमान खराच असतो. आईने शेजारीपाजारी वाटलेल्या पेढ्यांचा आनंदही खराच असतो. पण त्या आनंदाखाली, आपल्यावर झालेल्या खर्चाचा हिशेब तो मनाशी करीत असतो आणि बेरीज काही केल्या जुळत नसते. आपण नेमके काय शिकलो, कोणते काम आपल्याला येते, हा प्रश्नही त्याला याच दिवसांत प्रथम भेडसावतो. तीन वर्षे मार्गदर्शिका वाचून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि हा दोष एकट्या त्याचा नव्हे हे सांगावयास कोणी जवळ नसते.

चौघांची पदवी, कोट्यवधींची पदवी

पदवी म्हणजे नोकरी हे समीकरण विद्यार्थ्यांनी शोधून काढलेले नाही. ते त्यांना वारशाने मिळाले आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने विद्यापीठांची योजना मांडली. राज्यकारभारास विश्वासू नोकरवर्ग मिळावा हा तिच्या हेतूंपैकी एक होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. भांडारकर पुढे सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथे हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले; रानडे अध्यापनाकडून न्यायखात्याकडे गेले. त्या काळी नोकरी पदवीधराची वाट पाहात होती, कारण पदवीधर दुर्मिळ होता.

ती दुर्मिळता संपली, आणि ती संपविण्यासाठी महाराष्ट्रातील थोर माणसांनी आयुष्ये वेचली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ उभे राहिले. त्यामुळे ज्या घरांत अक्षर पोहोचले नव्हते त्या घरांत पदवी पोहोचली. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाख होती आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. या विस्ताराचा खेद मानणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या घरातील किती मुलांना पदवीवाचून ठेवण्यास आपण तयार आहोत, हे आधी सांगावे.

परंतु संख्या वाढली आणि समीकरण मात्र १८६२ चेच राहिले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्ये 'दि डिप्लोमा डिसीज' या ग्रंथात याची मीमांसा केली. ज्या कामासाठी पूर्वी मॅट्रिक पुरेसे होते, त्यासाठी अर्जदारांत पदवीधर आले की मालक पदवीच मागू लागतो. कामाचे स्वरूप तेच राहते, पात्रतेची पायरी तेवढी वर सरकते. जो देश आधुनिक शर्यतीत उशिरा उतरला, त्यात हा विकार अधिक बळावतो असे त्यांचे प्रतिपादन होते. शिपायाच्या वा पोलीस शिपायाच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवीधरांचे अर्ज आल्याच्या बातम्या वाचून आज कोणी दचकत नाही. पदवीमुळे नोकरी मिळत नाही हे विद्यार्थ्याला दिसते, आणि पदवी नसेल तर अर्जच करता येत नाही हेही दिसते.

बेकारी कोणाला परवडते?

भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल या अर्थशास्त्रज्ञांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक मुद्दा अद्याप विचारात घेण्याजोगा आहे. सुशिक्षित बेकार हे बहुधा कायमचे बेकार नसतात. ते थांबलेले असतात. शिक्षणानंतर पहिले काम मिळेपर्यंतचा काळ लांबतो, कारण मनाजोगत्या कामासाठी थांबणे त्यांना फायद्याचे वाटते आणि कुटुंब त्यांना तोवर पोसते.

या दृष्टीने अलीकडचे आकडे पाहावेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. शिक्षणाने बेकारी वाढते असा उथळ निष्कर्ष यावरून काढला जातो. निरक्षर तरुण बेकार नसतो, कारण बेकार राहणे त्याला परवडत नाही. मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या दिवशी त्याला उभे राहावे लागते. बेकारी हीदेखील एक ऐपत आहे, आणि पदवीधरांमध्ये ती सारखी वाटलेली नाही.

समजा, एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांना पहिल्या वर्गाचे सारखेच गुण मिळाले. एकाचे वडील बँकेत आहेत, आई शिक्षिका आहे आणि शहरात स्वतःचे घर आहे. दुसऱ्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि आई दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाते. पहिला दोन वर्षे थांबू शकतो. या दोन वर्षांत तो इंग्रजी संभाषण सुधारतो, संगणकाचा एखादा अभ्यासक्रम करतो, दोन परीक्षांत नापास होऊन तिसरीत उत्तीर्ण होतो, आणि 'चिकाटीने यश मिळविले' असे त्याचे कौतुक होते. दुसरा जुलै महिन्यात तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात हिशेब लिहू लागतो, किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर लागतो. त्या कामाला पदवीची गरज नव्हती. दोघांच्या पदवीच्या कागदात अक्षराचाही फरक नाही. फरक आहे तो थांबण्याच्या ऐपतीत. गुणवत्ता म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, त्यातील किती भाग त्या ऐपतीचा असतो हे तपासून पाहिले जात नाही.

हा हिशेब अंकांतही मांडता येतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत दरमहा विद्यावेतन ठरविले ते बारावी उत्तीर्णास ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये. विद्यावेतन म्हणजे बाजारातील वेतन नव्हे. तथापि उदाहरणादाखल हेच दर धरले, तर बारावी आणि पदवी यांतील अंतर दरमहा ४,००० रुपयांचे आहे. बारावीनंतर तीन वर्षे ६,००० रुपयांवर काम केले असते, तर २ लाख १६ हजार रुपये हाती आले असते. दरमहा ४,००० रुपयांच्या जादा प्राप्तीतून ती रक्कम भरून येण्यास ५४ महिने, म्हणजे साडेचार वर्षे लागतील. आणि तीही फी, पुस्तके व व्याज जमेस न धरता, पदवीनंतर पहिल्याच महिन्यापासून काम मिळाले तर. काम मिळण्यास होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक महिन्यात आणखी ६,००० रुपये बुडतात, म्हणजेच भरपाईचा काळ दीड महिन्याने लांबतो. एक वर्ष थांबावे लागले तर दीड वर्षाची भर पडते. वसतिगृहाच्या खोलीत रात्री दिवा मालवून छताकडे पाहात पडलेला विद्यार्थी कागद-पेन्सिल न घेता हेच गणित करीत असतो.

तिच्या बाबतीत

मुलींच्या मनातील घालमेल याहून निराळी आहे आणि बऱ्याचदा अधिक तीव्र आहे. मुलाला 'नोकरीचे काय?' असे विचारतात, तर मुलीच्या बाबतीत 'आता स्थळे पाहावयास हरकत नाही' असे तिला न विचारताच ठरते. विद्यार्थिनी असणे ही तिच्या दृष्टीने एक ढाल असते. 'शिक्षण पुरे होऊ द्या' हे वाक्य आईला नातलगांसमोर उच्चारता येते. निकालानंतर ते उच्चारता येत नाही. म्हणून पदव्युत्तर वर्गाचा प्रवेशअर्ज हा कित्येक मुलींच्या बाबतीत लग्न दोन वर्षे पुढे ढकलण्याचा अर्ज असतो. लग्नाच्या बाजारात तिच्या पदवीला भाव आहे, पण त्या पदवीचा उपयोग करण्याची परवानगी त्या भावात धरलेली नसते.

उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्म्या मुली आहेत. परंतु २०२३-२४ च्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीनुसार शहरी भागात पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या केवळ २८ होत्या. वर्गातून बाहेर पडलेल्या बाकीच्या मुली कोठे गेल्या, हा प्रश्न पदवीदान समारंभात कोणी विचारीत नाही. तेथे सुवर्णपदकांच्या यादीत मुलींची नावे अधिक असल्याबद्दल मात्र टाळ्या पडतात. परीक्षा जवळ आल्यावर एखादी हुशार मुलगी अकारण गप्प होते, मैत्रिणींबरोबरची सहल तिला अवाजवी महत्त्वाची वाटू लागते, छायाचित्रे ती पुन्हा पुन्हा पाहते. या हळवेपणाची थट्टा करण्यापूर्वी, स्वतःच्या नावाने हाक मारली जाण्याचे तिचे हे शेवटचे दिवस असावेत अशी तिला भीती वाटते, हे ध्यानात घेणे बरे.

अभ्यासिकांचे शहर

थांबण्याला प्रतिष्ठा देणारी एकच व्यवस्था आज महाराष्ट्रात शिल्लक आहे. ती म्हणजे स्पर्धा परीक्षा. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शुक्रवार या पेठांतील अभ्यासिका सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेल्या असतात. तेथे परभणीचा, गडचिरोलीचा, नंदुरबारचा मुलगा एका खुर्चीचे मासिक भाडे भरून बसतो. लोकसेवा आयोगाची परीक्षा हा राज्यातील सामान्य माणसाला अद्याप निःपक्षपाती वाटणारा एक दरवाजा आहे, आणि त्यावरील विश्वास ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु राज्यसेवेच्या काही शेकडा जागा आणि अर्ज लाखांच्या घरात, या प्रमाणाचा अर्थ स्पष्ट आहे. तेथे बसलेल्यांपैकी बहुसंख्यांना जागा मिळणार नाही, मग त्यांनी कितीही अभ्यास केला तरी.

मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुन्हा पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. परीक्षा अखेर एका आठवड्यानेच झाली. एका आठवड्यासाठी एवढा क्षोभ का, असे अनेकांना तेव्हा वाटले. ज्याने वर्षभर परीक्षेच्या तारखा बदलताना पाहिल्या आहेत आणि प्रत्येक बदलासाठी गावाकडून खोलीभाडे मागविले आहे, त्याच्या दृष्टीने आठवडा हे कालमापन नसून खर्चाचे माप असते. तारीख पुढे ढकलणारा अधिकारी वेळ खर्च करतो तो दुसऱ्याचा, याची जाणीव प्रशासनास क्वचितच असते.

काय करता येईल?

'आजच्या मुलांना कष्ट नकोत, सर्वांना खुर्ची हवी,' असा आक्षेप घेतला जातो. त्यात थोडे तथ्य असेलही. परंतु ज्या समाजाने दीडशे वर्षे खुर्चीलाच मान दिला, त्याने मुलांकडून निराळी अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे. शिवाय सुट्टीत ऊस तोडणाऱ्या आई-वडिलांना मदत करून, पहाटे वर्तमानपत्रे टाकून, रात्री पेट्रोलपंपावर राबून शिकणारी मुले प्रत्येक महाविद्यालयात आहेत. त्यांना कष्टाचा कंटाळा आहे असे म्हणण्याचे धाडस त्यांच्या प्राध्यापकांना तरी होणार नाही.

सर्व पदवीधरांना एका वर्षात काम देणे कोणत्याही शासनाच्या हातात नाही. मधला काळ सुसह्य आणि उपयुक्त करणे मात्र हातात आहे. पहिली गोष्ट म्हणजे निकाल, गुणपत्रिका आणि पदवी यांच्या तारखा आधी जाहीर कराव्यात आणि पाळाव्यात. याला नवा पैसा लागत नाही. दुसरी गोष्ट, पदवीनंतर एक वर्षपर्यंत विद्यार्थ्याचे ग्रंथालयाचे कार्ड, एस.टी.ची सवलत आणि शक्य तेथे वसतिगृहाची जागा चालू ठेवावी. सवलती अचानक तोडण्याऐवजी उतरत्या क्रमाने काढल्या, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलालाही काही महिने थांबण्याची ऐपत येईल.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीव्यतिरिक्त इतर पदवीधरांनाही त्याच्या कक्षेत घेतले आहे. कला व वाणिज्य शाखांच्या किती विद्यार्थ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे? सहकारी बँका, बाजार समित्या, नगरपालिका, दूध संघ, रुग्णालये यांत शेवटच्या सत्रात वेतनासह उमेदवारी करता आली, तर 'मला काय येते?' या प्रश्नाचे एक तरी खरे उत्तर विद्यार्थ्याजवळ राहील. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला होता. कर्मवीरांची 'कमवा व शिका' ही कल्पना तर त्याहूनही जुनी आणि या मातीतली आहे. कित्येक ठिकाणी ती आज बागेला पाणी घालणे आणि कार्यालयात कागद लावणे एवढ्यावर येऊन थांबली आहे. तिला विद्यार्थ्याच्या विषयाशी जोडले पाहिजे.

चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची आहे. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पुढे शिकावयास गेले की नोकरीस लागले, याची माहिती 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयांना द्यावी लागते. ती माहिती फायलीत असते. प्रवेशासाठी रांगेत उभ्या असलेल्या पालकास ती कोणी दाखवीत नाही. एखादी सतरंजी विकत घेताना जो चार ठिकाणी चौकशी करतो, त्या माणसास मुलाची तीन वर्षे गुंतविताना कोणतीच माहिती मिळू नये हे बरे नाही. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी याच विषयात पदवी घेतली ते आज काय करीत आहेत, याचा एक खरा, न सजविलेला तक्ता सूचनाफलकावर लावला, तर काही विभागांची विद्यार्थिसंख्या कदाचित घटेल. परंतु जे येतील ते डोळे उघडे ठेवून येतील.

राहता राहिला समाज. त्याला कोणताही विनियम लागू होत नाही. पण लग्नाच्या मांडवात 'मग पुढं काय?' असे विचारण्याऐवजी 'तुला काय शिकायला आवडलं?' असे विचारणे कोणालाही शक्य आहे. या प्रश्नाने नोकरी मिळणार नाही, परंतु तीन वर्षांत काही मिळविले असल्याची आठवण त्या मुलाला होईल. बऱ्याच विद्यार्थ्यांना एखादा तरी तास, एखादे तरी पुस्तक, एखादा तरी शिक्षक असा भेटलेला असतो की ज्यामुळे जग थोडे अधिक समजले. पदवीचा हा भाग कोणत्याही हिशेबात येत नाही आणि कोणत्याही प्रतीक्षेने कमी होत नाही.

१८६२ साली चार जणांना मिळालेली पदवी आज शेतमजुराच्या मुलीलाही मिळते, हे या राज्याने साधलेले मोठे काम आहे. पदवी सर्वांना सारखी देता आली. तिच्यानंतरचे एक वर्षही सर्वांना सारखे देता आले पाहिजे. ते होईपर्यंत, एप्रिल महिन्यात आवारातील झाडाखाली पुस्तक मिटून बसलेल्या विद्यार्थ्याच्या उदासीनतेला आळस म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.